मूठभर मिरच्यांचा आवाज

माझ्या घरी कोणी आलं की आधी खाटेकडे बघतं, मग माझ्याकडे. खाटेवर आडवं झालं की डोकं उत्तरेला आणि पाय दक्षिणेला येतात. माणूस गेल्यावर त्याला असं ठेवतात. जित्या माणसाने असं झोपू नये, हे मलाही कळतं. तरी खाट तशीच आहे. माझी बायको हिरा अंथरुणाला खिळली होती आणि रस्त्याच्या आवाजाने तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता, तेव्हा खाट मी तशी फिरवली. आवाजातलं मला थोडं कळतं असं मी समजत होतो, कारण मी आवाजाच्या लोकांकडे नोकरी केली होती. त्या नोकरीचं लिहा, असं दिवाळी अंकवाले मास्तर दोन दिवाळ्या माझ्या मागे लागले होते. मी चौथीपर्यंत शिकलो. मास्तर म्हणाले, जसं बोलता तसं लिहा. लिहिलं. माणसांच्या तोंडचं बोलणं सोडून त्यांनी माझ्या 'नाय'चं 'नाही' केलं आहे, बाकी शब्द माझे. कंटाळा आला तर पान उलटा, मला राग नाही.

मी मूळचा ड्रायव्हर. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे एसटी चुकली की माणूस आमच्या जीपमध्ये. नव्वद सालानंतरची बरीच वर्षं मी मुरबाड-कल्याण वडाप केलं. पुढे गुडघे कुरकुर करायला लागले आणि नेमकी तेव्हाच मुंबईच्या एका संस्थेतल्या बाई जीप महिन्याच्या बोलीवर मागायला आल्या. बाईंचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. मी विचारलं, "माल काय न्यायचा?"

बाई म्हणाल्या, "आवाज."

मला वाटलं बाई थट्टा करतात. पण पहिल्याच दिवशी त्यांनी पेटीतून एक मुंडकं काढलं. माणसाच्या मापाचं, करड्या रंगाचं, नाक होतं, डोळे नव्हते, आणि कान मात्र हुबेहूब, रबराचे, दाबले तर दबणारे. त्या कानांच्या आत मायक्रोफोन बसवलेले. आपल्याला दोन कानांनी जसं ऐकू येतं, मागचं मागे आणि डावीकडचं डावीकडे, तसंच भरून घ्यायचं तर मध्ये डोकं पाहिजे, नाक पाहिजे, कानाच्या पाळ्या पाहिजेत. नुसता माइक ठेवला तर सगळा आवाज एका ठिकाणाहून आल्यासारखा होतो. हे मला बाईंनी समजावलं आणि मुंडक्याची जबाबदारी माझ्यावर टाकली. मी त्याला पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवायचो आणि वरून टॉवेल टाकायचो.

एकदा नाक्यावर हवालदाराने जीप थांबवली. टॉवेल उचलला आणि दोन पावलं मागे सरला.

"हे काय रे?"

"डोकं हाय, साहेब."

"ते दिसतंय. कोणाचं?"

"मुंबईच्या बाईंचं."

माझं उत्तर चुकलं हे मला त्याच्या तोंडावरून कळलं. मागे बसलेल्या बाई हसत हसत उतरल्या आणि हवालदाराच्या कानाला हेडफोन लावला. मुंडक्याच्या मागे जाऊन त्यांनी टाळी वाजवली, तसा तो गर्रकन मागे वळला. मागे कोणी नव्हतं. पुढे प्रत्येक फेरीला तो आमची जीप थांबवायचा, पण मुंडक्याला बघायला.

काम असं होतं. सापगावच्या अलीकडे आमची वस्ती आहे. तिच्या दक्षिणेच्या बाजूने मोठा रस्ता जाणार अशी आखणी होती. रस्ता झाल्यावर लोकांना त्याच्या आवाजाचा किती त्रास होईल, हे रस्ता होण्याआधी कसं कळणार? बाईंची युक्ती अशी की, लोकांना रस्ता झाल्यासारखाच दाखवायचा आणि ऐकवायचा. आम्ही मुंडकं घेऊन दुसरीकडच्या मोठ्या रस्त्यांच्या कडेला बसायचो, ट्रक भरून घ्यायचो. मग आमच्याच वस्तीत येऊन कोंबडे, पाखरं, भाताच्या शेतातले बेडूक, असं सगळं वेगळं भरून घ्यायचो. भरताना इंजिन बंद, बोलणं बंद. इतकी वर्षं मी हॉर्नवर हात ठेवून जगलेला माणूस. पहिल्यांदा बांधावर गप्प बसलो तेव्हा लक्षात आलं, की वाऱ्याने भात हलतं त्याचा आवाज आणि गवत हलतं त्याचा आवाज एक नाही. साठीला आलो होतो, तोवर मला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कोणाला विचारलंही नव्हतं.

मुंडक्याजवळ शांतता राखणं हे खरं कठीण काम. गावातला माणूस दुसऱ्या माणसाला बांधावर बसलेला बघून गप्प पुढे जात नाही. आमच्या भरलेल्या आवाजांत बेडकांच्या मध्ये मध्ये "काय किसन्या, आज गाडी नाय का?" हे किती ठिकाणी आहे, ते नाईकला विचारा. नाईक म्हणजे बाईंच्या हाताखालचा कॉम्प्युटरवाला. ते वाक्य काढता काढता त्याचे केस पिकले.

नाईकने फोटो घेऊन आमची वस्ती कॉम्प्युटरवर बांधली. ती बघायला डोक्यावर एक जड टोप घालायचा. डोळ्यांसमोर दोन छोटे टीव्ही, कानांवर हेडफोन. मान डावीकडे वळवली की वस्ती डावीकडे दिसते, मागे वळलात की मागची घरं, आणि ट्रकचा आवाजही तिथल्या तिथेच राहतो. याला व्हर्च्युअल रिअॅलिटी म्हणतात. आम्ही टोप म्हणायचो. आज पोरांच्या खेळात असलं काही असतं म्हणतात. तेव्हा ते यंत्र मुंबईत बघायला मिळणं मुश्कील होतं, आणि ते मुरबाडमध्ये एका खताच्या दुकानाच्या माडीवर होतं. बाईंचा हट्ट होता की, आवाज ज्यांच्या दारात येणार त्यांनीच सांगायचं, कॉलेजच्या मुलांनी नाही.

खोली फार घुमायची. भिंती मऊ करायला पाहिजे होत्या. बाईंनी मुंबईहून फोम मागवायचं ठरवलं, ते आलंच नाही. शेवटी हिरा आणि वस्तीतल्या बायांनी जुन्या लुगड्यांच्या जाड गोधड्या शिवल्या आणि आम्ही त्या भिंतींवर ठोकल्या. आत टाळी वाजवली की जागच्या जागी मरायची. पहिल्यांदा आत आली तेव्हा हिरा भिंतीकडे बघून म्हणाली, "या कोपऱ्यात माझी सासू हाय आणि त्या दारावर माझी आय."

आता गिऱ्हाइकं. मी त्यांना आणायचो, चढवायचो, टोप घालताना धरायचो.

पहिला माझा दोस्त गोमा. डोंगरातल्या वाडीवरचा, आता त्याचं घर आमच्या वस्तीच्या टोकाला. त्याने टोप घातला, मान फिरवली, चारी बाजू बघितल्या आणि ओरडला, "किसन्या, गावात पटकी आली का रे? सगळी मेली काय?" खरंच, नाईकने घरं बांधली, झाडं लावली, पण माणूस एकही नव्हता. माणसं बनवायला कॉम्प्युटरची ताकद पुरत नाही, असं तो म्हणाला. शेवटी त्याने एक कोंबडी घातली. गोमा तिला हात पुढे करून हाकलत होता.

मग गोमाची सून आली. टोप चढवला, चित्र लागलं, आणि तिने झटक्यात पदर ओढून टोपावरून खाली घेतला. पुढचं सगळं झाकलं. नाईक घाबरला, "ताई, काय झालं? चक्कर येतेय का?" सून पदरातून हळूच म्हणाली, "समोर मामंजींची ओटी हाय." चित्रातली ओटी रिकामी होती आणि मामंजी जिन्यात विडी ओढत बसले होते, पण ओटी ती ओटी. बाईंनी तिला तसंच पदरासकट ऐकू दिलं. यंत्राच्या वर पदर असलेला तो फोटो मुंबईला कोणत्या तरी भिंतीवर आहे म्हणे.

खरी पंचाईत झाली ती उत्तरांची. बाई विचारायच्या, "दहापैकी किती त्रास वाटला?" लोकांना वाटलं शाळेसारखे मार्क द्यायचे. ट्रक जितका मोठा गरजला तितके मार्क जास्त दिले. कोणी म्हणे, "बिचारा लांबून आलाय, द्या दहा." दुसरं म्हणजे आधी चहा-बिस्कीट दिलेलं. ज्याच्या घरचा चहा प्यायला त्याच्या वस्तूला नावं कशी ठेवायची? सगळे म्हणायला लागले, "काय त्रास नाय, बाई. ग्वाड आवाज हाय." बाई दोन दिवस कपाळाला हात लावून बसल्या. मग त्यांनी चहा शेवटी नेला, मार्क बंद केले आणि खालच्या दुकानातून सुक्या मिरच्या आणल्या. समोर रिकामी ताटली. आवाज जितका झोंबला तितक्या मिरच्या ताटलीत टाकायच्या. हे लोकांना लगेच जमलं. आमच्या माडीवर त्या महिन्यात शिंका फार झाल्या.

आणि मग मला जे दिसलं, त्याने माझी झोप उडवली. नाईक दोन चित्रं दाखवायचा. एकात रस्ता उघडा, ट्रक येताना दिसतो. दुसऱ्यात रस्त्याच्या अलीकडे झाडांची दाट ओळ, ट्रक दिसत नाही. आवाज दोन्हींत एकच. मी स्वतः आवाज मोजायचा मीटर बघितला, काटा त्याच जागी. तरी लोक दुसऱ्याला मिरच्या कमी टाकायचे. एक नाही, जवळजवळ सगळे.

मी बाईंना म्हणालो, "ही लबाडी हाय. आवाज तोच, मग कमी कसा?"

"कोणाची लबाडी, किसनराव?"

"कानाची."

बाई म्हणाल्या, "कान एकटा नाही ऐकत. डोळ्याला विचारून ऐकतो. मीटरला डोळे नाहीत म्हणून त्याला एकच उत्तर येतं." मग म्हणाल्या, "तुम्ही गाडी चालवताना स्वतःच्या इंजिनाचा त्रास होतो? आणि मागच्याच्या इंजिनाचा?" तीन दिवस जीप चालवताना तेच डोक्यात. घाटात मागे ट्रक लागला की मुद्दाम आरसा फिरवून ठेवायचो आणि बघायचो कसं वाटतं ते.

मग हिराची पाळी आली.

उघड्या रस्त्याला तिने दोन मिरच्या टाकल्या. झाडांमागच्या रस्त्याला तिने ताटलीकडे बघितलंच नाही, टोप डोक्यावर असतानाच हात मिरच्यांच्या टोपलीत घातला आणि मूठ भरून टाकली. नाईक म्हणाला, "काकूंना कळलं नाही, परत घेऊ." परत घेतलं. परत मूठभर. मी शरमलो. माझीच बायको आणि तिनेच उलटं केलं. मी म्हणालो, "अगं, नीट ऐक की गो. झाडं हायत मधी."

हिराने टोप काढला, केस सारखे केले. म्हणाली, "म्हणूनच तर. गाडी दिसली तर कळतं, कुठून आली, कुठं चालली. आली तशी गेली. झाडामागं नुसती गरजते. आंगावर येतीय का जातीय, काय कळायचं? आन् तुमच्या गावात मानूस नाय, एका घरातून धूर नाय. एकटीच बाई उभी ऱ्हायली तर भ्यायची नाय का?"

नाईक म्हणाला, हे बाजूला ठेवू. बाई म्हणाल्या, "का? तिला जे वाटलं तेच आपण विचारलं होतं." हिराची मूठ त्यांनी मोजून घेतली. पण पुढे सगळ्यांच्या मिरच्या एकत्र करून सरासरी निघाली, तीत हिराची मूठ बुडाली. अहवाल गेला की, रस्ता दिसला नाही तर त्रास कमी. चूक नव्हतंच ते. जीपमध्ये येताना मी हिराशी बोललो नाही. ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि मध्येच म्हणाली, "तुमच्या नाईकाला सांगा, चुली पेटव म्हनावं."

बाईंचं काम संपलं, मुंडकं मुंबईला गेलं. गोधड्या परत आल्या. दोनेक वर्षांनी रस्ता झाला. कडेला झाडं लावली, ती शेळ्यांनी खाल्ली.

त्यानंतरच्या एका भातकापणीत हिरा बांधावरून पडली. खुब्याचं हाड गेलं. डॉक्टर म्हणाले, वय आहे, आता उठणं कठीण. तिला खाटेवर ठेवलं. डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला, जसं ठेवायचं तसं. त्यामुळे दक्षिणेची खिडकी आली तिच्या डोक्यामागे आणि खिडकीबाहेर तो रस्ता. दुपारी जरा डोळा लागला की मागून ट्रक यायचा आणि ती दचकायची. दचकली की खुबा हलायचा, आणि मग तोंडातून जो आवाज यायचा तो मी इथे लिहीत नाही. दिवसभर हेच. अन्न जाईना. डॉक्टर म्हणाले, हिला झोप पाहिजे, झोप नसेल तर मी औषध देऊन उपयोग नाही.

मला वाटलं, यातलं आपल्याला कळतं. आपण तर शिकलो आहोत. मी गोमाला सांगून डोंगरातून कारवीच्या काठ्यांचे भारे आणवले. खिडकीसमोर, रस्त्याच्या अलीकडे, आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी पुरुषभर उंच कूड उभा केला. भिंतीला घालतात तशी कारवी दाटून बांधली, वरून शेणमाती लिंपली. खिडकीत उभं राहिलं तर रस्त्याचा ठिपका दिसत नव्हता. मला ट्रकचा आवाज खरंच कमी वाटला. मी हात न धुताच आत गेलो आणि विचारलं, "आता कसं वाटतं? कमी हाय ना?"

हिरा छताकडे बघत म्हणाली, "मूठभर."

तिने कधीच सांगून ठेवलं होतं. एकदा नाही, दोनदा, यंत्र लावून. मुंबईचे लोक मोजून घेऊन गेले, आणि मी तिच्या घरात राहून सरासरीचा कूड बांधला.

गोमा म्हणाला, "आता रे?"

मी म्हणालो, "तोडायचा."

"आईच्यान किसन्या, अजून शेण वाळलं नाय!"

कूड पाडला. पण त्याने भागणार नव्हतं. तिला रस्ता दिसायला पाहिजे तर खाट फिरवायला पाहिजे होती, आणि फिरवली तर पाय दक्षिणेला. घर लहान, दुसरी खिडकी नाही. मी खाटेला हात लावला तशी गोमाची बायको दारातून ओरडली, "दादा, काय करताय? जित्या मानसाचे पाय यमाकडं? मेल्यावर ठेवतात तसं?" दोन शेजारणी जमल्या. मलाही हात उचलवेना. इतक्या वर्षांत मी हिराला कधी काही दिलं नाही, आणि आता हे मरणाचं अंथरूण माझ्या हाताने घालू?

हिरा म्हणाली, "फिरवा."

"अगं पण..."

"फिरवा म्हनते ना. यम यायचा तो रस्त्यानंच यील. दिसू दे की येताना. मागून आला तर मी दचकंन."

एका शेजारणीने तोंडाला पदर लावला, तो हसण्यासाठी की रडण्यासाठी, मला कळलं नाही. मी आणि गोमाने खाट उचलली, फिरवली, तिच्या पाठीला माडीच्या भिंतीवरच्या त्याच गोधड्या दिल्या. समोर खिडकी, खिडकीत रस्ता. उजवीकडे वळण आहे. वळणाआड गाडी आधी ऐकू येते आणि मग दिसते. पहिला ट्रक आला. गवताचा होता, तबेल्याकडे चाललेला, दोन्ही बाजूंनी फुगलेला. हिराने त्याला वळणापासून पार दिसेनासा होईपर्यंत बघितलं. दचकली नाही. त्या दुपारी ती झोपली. बाहेर रस्ता सगळा गरजत होता आणि ती तोंड उघडं टाकून झोपली होती.

पुढे तिने त्याचा खेळ केला. गाडी वळणाआड असतानाच म्हणायची, "एसटी. मुरबाडची." एसटीच यायची. "भाजीचा टेम्पो, रिकामा." रिकामाच असायचा. मी जन्माचा ड्रायव्हर, मला वाटलं मी हरवीन. इंजिन मला कळायचं, पण गाडी भरलेली की रिकामी, ताडपत्री फडफडते की नाही, हे तिला आधी कळायचं. हरलो की मला चहा करायला लागायचा. मी पुष्कळ चहा केला. मुंबईला बाईंना फोन लावून हे सांगितलं. मग त्यांनी एकच विचारलं, "आता किती मिरच्या म्हणतात?" मी हिराला विचारलं. ती म्हणाली, "त्यांना सांगा, मिरच्या संपल्या."

डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यापेक्षा ती बरीच जास्त जगली. एका दुपारी वळणाआड काहीतरी आलं. मी तिच्या बोलण्याची वाट बघितली. डोळे रस्त्याकडेच होते. गाडी आली आणि गेली, ती कसली होती ते माझ्या ध्यानात नाही.

माणसं जमली. गोमाची बायको पुढे झाली, तिला सरळ करायला, डोकं उत्तरेला घ्यायला. आणि थांबली. फिरवायला काही नव्हतंच.

बाईंना मला एक विचारायचं राहून गेलं. आवाज तोच, रस्ता तोच, खिडकी उघडी, मला सगळं दिसतं, तरी मला आता तो पूर्वीसारखा ऐकू येत नाही. मीटरवर काटा तिथेच असेल. मग कान आता कोणाला विचारून ऐकतो?

मी त्याच खाटेवर, तसेच पाय करून पडतो. आज हे लिहिताना वळणाआड इंजिन आलं. जड, दमलेलं, ताडपत्री फडफडत नव्हती. मी मोठ्याने म्हणालो, "गवत."

पाण्याचा टँकर निघाला. मी उठलो आणि चहा टाकला.